कळलं तरी कळलं नाय

हसू नका असं म्हणणार नाय, कारण तुम्ही हसणारच. पण ही फजिती माझ्याच तोंडून ऐका. घरचे लोक लई तिखटमीठ लावून सांगतात.

आमची सई अडीच वर्षांची. दूध म्हणजे ‘दू’, बिस्कीट म्हणजे ‘बिकी’, बाकी सगळा कारभार बोट दाखवून. अन् तिनं ‘दू’ म्हणायचा अवकाश, मी, बायको अन् माझी धाकटी बहीण मीना, तिघंही कप घेऊन हजर!

बालवाडीच्या बाई म्हणाल्या, “लगेच समजून घेऊ नका. थोडं थांबा, तिला पूर्ण शब्द बोलू द्या.”

थोडं? मला थोडं काही जमतंय व्हय! दुसऱ्या दिवसापासून मी पार दगड. सई म्हणाली ‘दू’, की मी आठ्या घालून, “काय? मला कळलं नाय.” पोरगी ओरडायची, माझं बोट धरून फ्रिजपर्यंत न्यायची. तरी आपलं एकच, “कळलं नाय!”

बायको म्हणायची, “अहो, बाईंनी थोडं थांबा म्हणलं होतं, ठार बहिरं व्हा नाय.”

“तुला नाय कळायचं त्यातलं,” मी म्हणायचो. केवढा तो आत्मविश्वास!

महिनाभर हे चाललं. त्यातच मीनाला बघायला फुलंब्रीहून पाहुणे आले. आमचे आई-वडील नाहीत, तेव्हा बोलणी करणारा मीच. मुलगा मीनाला आधीच मनापासून आवडलेला. सकाळी तिनं मला गाठलं. “दादा, हात जोडते, आज काही घोळ घालू नको.”

“मी? मी कधी घोळ घातलाय?”

पोहे झाले, चहा आला. मुलाचे वडील, आप्पा, मोठे रुबाबदार. म्हणाले, “काय पाहुणं, कंपनी कुठंय तुमची?”

मी ‘चिकलठाण्याला’ म्हणणार, तेवढ्यात सई आली अन् बशीकडं बोट दाखवून म्हणाली, “बिकी.”

सवय हो, सवय! तोंडातून गेलंच, “काय? मला कळलं नाय.”

आप्पांना वाटलं, त्यांनाच म्हणालो. ते जरा मोठ्यानं म्हणाले, “कंपनी! कुठंय?”

“बाबा, बिकी!”

“कळलं नाय!”

सईनं माझ्याकडं बघितलं. राग नाय, रडणं नाय, नुसती कीव. मग सरळ आप्पांच्या गुडघ्याशी गेली अन् खणखणीत म्हणाली, “आजोबा, बाबाला कळत नाय. तुम्ही बिस्कीट द्या.”

अहो, पहिलं अख्खं वाक्य! माझे डोळे भरून आले. शब्दच फुटेना. मी नुसताच सईकडं, तोंडाकडं, कानाकडं हात करत राहिलो.

आप्पांनी माझ्या बायकोला हळूच विचारलं, “पहिल्यापासून असंच आहे का?”

बायको पदर सावरत म्हणाली, “मला तरी लग्नाच्या वेळी कुणी काही सांगितलं नव्हतं.”

आप्पा अन् त्यांची मंडळी आपसात कुजबुजायला लागली. मला दरदरून घाम फुटला. मीनाचं स्थळ माझ्या शहाणपणापायी जाणार! दाराआडून मीना तर डोळ्यांनीच खात होती.

आप्पा खाकरले. “मुलगी पसंत आहे. असल्या भावाला सांभाळून राहिलेली पोरगी! आमच्या घरात तिला काय जड जाणार?”

खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं, तर मागून मीनानं असा चिमटा काढला म्हणता! गप बसलो.

साखरपुड्याला आप्पांनी माझा हात हातात घेतला. तोंड कानाजवळ आणलं अन् अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं, एकेक अक्षर सुटं करून विचारलं, “जे… व… लात… का?”

“व्हय आप्पा, पोटभर जेवलो.”

आप्पांचा चेहरा खुलला. स्वतःच्या बायकोकडं वळून म्हणाले, “बघ, म्हणलं नव्हतं तुला? अख्खं वाक्य बोलला!”