इंजिनावरचा नंबर

खडीच्या खाणीवर त्याला सगळे कानसेन म्हणत. चालत्या इंजिनाचा आवाज ऐकून कोणत्या गाडीचं काय दुखतंय ते हा गडी चहा पिता पिता सांगायचा, आणि दहातल्या आठ वेळा बरोबर निघायचं. उरलेल्या दोन वेळा मिस्त्रीनेच घोळ घातलेला असायचा, असं त्याचं म्हणणं. स्वतःच्या ट्रकबद्दल तर बोलायलाच नको. शंभर गाड्या ओळीने चालू करा, डोळे बांधून माझी काढून दाखवतो, हे त्याने इतक्यांदा ऐकवलं होतं की लोक आधीच मान डोलवून मोकळे व्हायचे.

त्या गाडीने आता मान टाकली होती. भरून चढाला लागली की धाप लागायची, मागून निळा धूर निघायचा, आणि ऑइल तर पाण्यासारखं पीत होती. मिस्त्री म्हणाला, "इंजिन उतरवून पुरतं खोलावं लागेल. पिस्टन, रिंगा, सगळं नवं. महिनाभर गाडी उभी राहील. नाहीतर विकून टाका, गिऱ्हाईक आहे माझ्याकडे."

अठरा वर्षांची गाडी. कानसेनने आठवडाभर नुसत्या येरझाऱ्या घातल्या. जेवताना घास हातातच राहायचा. एकदा वाटायचं दुरुस्त करू, एकदा वाटायचं, आपली कंबर गेली, हिचं इंजिन गेलं, किती दिवस एकमेकांना ढकलायचं? कंबरेचं म्हणाल, तर तीन वर्षांपूर्वी मागच्या फाळक्यावरून पाय घसरून तो खाली आपटला होता आणि चार महिने खाटेला खिळला होता. तेवढे दिवस धाकट्या भावाने गाडी ओढली. शेवटी एका सकाळी त्याने बायकोला सांगितलं, "विकतो."

हिला आनंदाच्या उकळ्या फुटतील अशी त्याची खात्री होती. गाडी दारात आल्यापासून ती तिला सवत म्हणत आली होती. पण तिचा चेहरा पडला.

"दुरुस्त करा. महिनाभर भागवू कसंही."

"अगं, तुझीच सवत चाललीय घरातून."

"थट्टा राहू दे. विकू नका म्हणते ना."

कानसेनला भरून आलं. आपलं मन राखायला बिचारी मन मारून बोलतेय, असा त्याने अर्थ लावला. आणि त्याच भरात गिऱ्हाइकाला दुसऱ्या दिवशीचा निरोप धाडला. एकदा ठरवलं की ठरवलं, हा त्याचा खाक्या. आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीच्या शेडवर बायकोही आली. एरवी ती तिकडे कधी फिरकायची नाही. गिऱ्हाईक गाडीभोवती फिरलं, टायरला लाथ मारून पाहिली, कागद मागितले. मग इंजिनावर वाकून त्याने चिंधीने कडेची काजळी पुसली, तिथे एक कोरा कागद धरला आणि वरून पेन्सिल घासली. आकडे उमटले, ते त्याने गाडीच्या नोंदणीच्या कागदाशी ताडून पाहिले.

"हे इंजिन या गाडीचं नाही," ते म्हणालं.

कानसेन हसला. "चष्मा लावून बघा."

त्याने दोन्ही कागद कानसेनच्या हातात दिले. पहिले दोन आकडे सोडले तर एकही जुळत नव्हता. कानसेनने स्वतः डिझेलचा बोळा घेऊन तो नंबर घासला, पुन्हा वाचला, बोटाने चाचपला. तो जवळच्या जुन्या टायरवर बसला. अठरा वर्षांत त्याने तो नंबर कधी पाहिला नव्हता. आईच्या चेहऱ्यावरचे तीळ कुणी मोजत बसतं का?

मग त्याचं डोकं फिरलं. "तूच," तो मिस्त्रीवर गेला. "तुझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही. कधी काढलंस माझं इंजिन?"

मिस्त्री पुसलेलाच पाना पुन्हा पुसत राहिला.

"त्यांना बोलू नका," बायको म्हणाली. "मी बदलायला लावलं. तुम्ही खाटेवर होतात तेव्हा."

"तू? आणि धाकटा काय करत होता?"

"भाऊजी शेजारी बसायचे. पहिल्याच आठवड्यात उतारावर त्यांचे हातपाय गळाले. लायसन त्यांचं, गाडी मी चालवली. माहेरी ट्रॅक्टर चालवायचे मी. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

कानसेनला एकेक आठवू लागलं. चार महिने ही पहाटे बाहेर पडायची ती खाणीवर स्वयंपाकाला जाते म्हणून. हाताला डिझेलचा वास यायचा, तर म्हणायची स्टोव्हचा आहे. आणि याने ते मुकाट्याने मानलं होतं.

"मग इंजिन?"

"एका चढावर तापलेलं माझ्या लक्षात आलं नाही. जाम झालं. मोडीत निघालेल्या गाडीचं बसवून घेतलं."

"आणि माझं?"

"भट्टीत गेलं."

म्हणजे तीन वर्षं तो दुसऱ्याच इंजिनाचा आवाज ओळखत होता.

"खाणीवर कुणाकुणाला ठाऊक आहे?" त्याने मिस्त्रीला विचारलं.

"सगळ्यांना," मिस्त्री पुटपुटला. "वहिनींनी शपथ घातली होती."

गिऱ्हाइकाने पेन्सिल खिशात टाकली. आधी हे निस्तरा, मग बघू, म्हणालं आणि निघून गेलं.

कानसेनने हातातले कागद घडी करून खिशात घातले. मग बायकोकडे न बघताच म्हणाला, "म्हणून विकू देत नव्हतीस. बिंग फुटेल म्हणून."

"बिंग फुटलं असतं तर चार शिव्या खाल्ल्या असत्या. त्याला मी कुठे भिते?" ती म्हणाली. "तुम्ही बरे झालात, त्या दिवशी मी किल्ली तुमच्या हातात दिली. तुम्ही हसत हसत गाडीत चढलात, आणि मी मोरीचं दार लावून रडले. मला चालवायची होती हो. अजून चालवायचीय."

कानसेनने मान वर केली. वीस वर्षं संसार केलेल्या बाईकडे तो तोंड उघडं टाकून बघत राहिला. मग त्याने मिस्त्रीला विचारलं, "महिनाच लागेल ना, की जास्त?"