बारावं नाव

टॅमराच्या पदवीत आता एकच विषय उरला होता, इंग्रजी साहित्य, आणि तो काही उरकायचं नाव घेत नव्हता. ओहायोतल्या त्या गावच्या कम्युनिटी कॉलेजचा नियमच तसा: बारा नावं लागली नाहीत की वर्ग रद्द. गेल्या वर्षी नऊ आले, रद्द. जानेवारीत दहा, रद्द. वेल्डिंगला रांगा, नर्सिंगला रांगा, आणि कादंबऱ्या वाचायला अख्ख्या पंचक्रोशीत बारा टाळकी मिळू नयेत? कपाळ तिचं, दुसरं काय!

या खेपेला तिला धरून अकरा झाले होते. शुक्रवारी दुपारी चारला यादी बंद व्हायची. टॅमरा पंचेचाळिशीची, सतरा वर्षं शाळेत मदतनीस म्हणून लोकांच्या पोरांची नाकं पुसत होती. ही पदवी हातात पडली तरच पुढे विद्यापीठात जाऊन शिक्षिका होता येणार होतं. आणखी वर्षभर थांबायचं तिच्या जिवावर आलं होतं.

तिनं शेजारणीला गळ घातली, चर्चमधल्या बायकांना घातली. नवरा म्हणाला, त्यापेक्षा दाढ उपटून घेतो. शेवटी उरली आई, अर्डिथ. साठीपुढच्यांना फी माफ, तेव्हा तीही सबब नव्हती. पण आईकडे काही मागायचं म्हणजे तिला नको वाटे. अठराव्या वर्षी टॅमराला मोठ्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. बाप तेव्हा अंथरुणाला खिळलेला. अर्डिथनं परस्पर नकार कळवला आणि पोरीला घरी ठेवलं. त्यानंतर सत्तावीस वर्षांत दोघींनी त्यावर चकार शब्द काढला नव्हता.

तरी तिनं फोन करून विचारलंच, आणि आई हो म्हणाली. शुक्रवारी ती न्यायला गेली तर म्हातारी आरशापुढे केस कुरळे करत बसलेली. साडेतीन वाजलेले! टॅमरानं दात-ओठ खाल्ले. मग चष्मा सापडेना, मग मागचं दार लावलं की नाही ते पाहायला परत. चारला तीन मिनिटं कमी असताना कॉलेजच्या खिडकीवर सही झाली आणि वर्ग वाचला.

सोमवारी अर्डिथ मास्तरांसाठी बटाटा-चीजचं कॅसरोल भाजून घेऊन आली. रिकाम्या हातानं कुणाकडे जायचं नसतं म्हणे. टॅमरानं गाडीत बजावलं होतं, विचारलं तर वाचन आवडतं म्हण आणि गप्प बस. प्रुइट सरांनी एकेकाला विचारलं, हा विषय का घेतला. कुणी म्हणालं वेळ जुळली, कुणी म्हणालं दुसरा वर्ग भरला होता. मग अर्डिथ उभी राहिली.

"मला वाचनाची काडीची आवड नाही," ती म्हणाली. "ही माझी मुलगी. हिला मी कॉलेजात जाऊ दिलं नाही. चुकले मी. म्हणून आलेय."

टॅमराचे कान तापले. स्वयंपाकघरात, गाडीत, दवाखान्याच्या बाकावर, दोघीच दोघी किती वेळा बसल्या होत्या. तेव्हा या बाईला कंठ फुटला नाही, आणि फुटला तो दहा परक्या माणसांपुढे! तिला संताप आला, आणि मेलं त्याच वेळी रडूही आलं.

सर तिच्याकडे पाहत होते. अर्डिथनं खाली बसत तिला कोपरानं ढोसलं.

"बोल की टॅमे. आता तुझा नंबर आहे."