पोपाच्या लेकीचं पान

कुंभारवाड्यात मोबाईलला रेंज मिळायची तर नशीबच लागतं. म्हणून पल्लवी रामनगरला माहेरी गेली की मोबाईलमध्ये मालिका भरून आणायची. दुसऱ्या सुना पापड-सांडगे आणतात तशा. गेल्या हिवाळ्यात तिनं आणली ती परदेशातल्या बोर्जिया घराण्याची. बाप पोप, म्हणजे सगळ्या पाद्र्यांचा थोरला पाद्री, तरी त्याला पोरंबाळं. लेक दिसायला केवड्याचं कणीस, पण अंगठीत विष बाळगायची आणि हसत हसत पाहुण्याच्या ताटात सोडायची. मालिका हिंदीतून होती. निम्मी सासूला आपोआप कळे, उरलेली पल्लवी सांगे.

सासू म्हणजे तुळजा. साठी ओलांडलेली, काटक, तोंडानं फटकळ. नुसत्या वेलीवरून जमिनीतला कंद ओळखणारी तिच्यासारखी बाई आसपासच्या वाड्यांत दुसरी नव्हती. पण विषाचा प्रसंग आला की ही फटकळ बाई गप्प होऊन पदराशी चाळा करत बसे. पल्लवी नवी सून, तिला त्यामागचं ठाऊक नव्हतं. शेवटी नवऱ्याला खोदून विचारलं तेव्हा कळलं.

बारा वर्षांपूर्वी मळणीच्या जेवणाला तुळजानं कडू करांद्यांची, म्हणजे रानवेलीच्या कंदांची, भाजी केली होती. हे करांदे राखेच्या पाण्यात उकडून, चकत्या करून, टोपलीत घालून तीन दिवस वाहत्या ओहोळात ठेवावे लागतात, तेव्हा कुठं त्यांचं विष उतरतं. शेजारी राहणाऱ्या महाबळेश्वरनं सगळ्यांच्या आधी ताव मारला आणि ओकून ओकून आडवा झाला. बाकीच्यांनी पानं तशीच सारली. माणूस वाचला. पण महिन्यापूर्वीच त्याचं आणि तुळजाचं बांधावरून वाजलं होतं, आणि लोकांना तेवढं पुरलं. तोंडावर कुणी काही बोललं नाही. फक्त त्या दिवसापासून तुळजाच्या हातचं कुणी खाईना. बारशाला, लग्नाला तिला मानानं बोलवायचे, बसायला पाट द्यायचे, चुलीपाशी मात्र फिरकू द्यायचे नाहीत. साऱ्या वाडीला कंद ओळखायला शिकवणाऱ्या बाईच्या ते फार जिव्हारी लागलं. डोळे मिटायच्या आधी एकदा आपल्या हातचं पंगतीत वाढलं जावं, एवढंच तिला हवं होतं.

पहिली मालिका संपल्यावर पल्लवीनं दुसरी आणली. घराणं तेच, पोप तोच, बनवणारे वेगळे. आणि इथं लेक अगदीच निराळी. बाप आणि भाऊ आपल्या सोयीनं तिची लग्नं लावायचे आणि मोडायचे, विष दुसरेच घालायचे, नाव मात्र हिचं व्हायचं. भाताची कामं उरकली होती, त्यामुळे दुपारी अंगणात पाच-सहा बाया जमायच्या. पोपाची लेक खरी कुठली, यावर त्यांचं चांगलंच जुंपलं. काही नसताना उगाच कुणाचं नाव कोण घेईल, असं त्यांतली केशर म्हणाली.

तेव्हा इतके दिवस गप्प असलेली तुळजा बोलली. "तिच्या हातानं घातलं हे बघितलं कुणी? पाचशे वर्सं झाली म्हणं, आजून पोरीला सोडंनात."

मागं बसलेली महाबळेश्वरची बायको सुमंगला उठून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टोपलीभर कडू करांदे घेऊन तुळजाच्या दारात उभी राहिली. "तुळजाक्का, त्या सालाला टोपली राखायला तू मला सांगितलं हुतंस. म्हायेरच्या जत्रंला जायची घाई, म्हणून मी दुसऱ्याच दिशी काढली. तू इचारलंस तवा तीन दिस झाले म्हटलं. मागनं भ्याले."

तुळजाच्या हातात पळी होती. ती सुमंगलाच्या पाठीत घालावी असं तिला मनापासून वाटलं. तिच्यावर भरवसा ठेवून वाढण्याआधी भाजी चाखायची राहिली, तेवढी चूक आपलीही, हेही आठवलं. बारा वर्षं मनात कोंडलेलं डोळ्यांवाटे बाहेर आलं. मग तिनं टोपली ओढून घेतली आणि म्हणाली, "ह्या खेपंला ओहोळावर मी सोता बसणार."

ती खरंच तीन दिवस बसली. तेवढ्या वेळात सुमंगलानं घरोघरी जाऊन आपली चूक सांगितली. नवऱ्यापासून सुरुवात केली. चौथ्या दिवशी तुळजाच्या अंगणात पंगत बसली. महाबळेश्वर सगळ्यांत आधी येऊन मांडी घालून बसला. तुळजानं भाजी आधी स्वतः खाल्ली, मग वाढली. त्यानं मान वर न करता ती संपवली आणि पुन्हा मागितली. तुळजा पुढं वाढत गेली. पल्लवीपाशी येताच तिनं सगळ्यांदेखत सुनेच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. ही पोर आणि तिचा मोबाईल घरात आला नसता तर आपण असंच मेलो असतो, हे तिला पक्कं कळलं होतं.

वाडवडिलांच्या नावानं एक पान बाजूला मांडलं होतंच. तुळजानं त्याच्याशेजारी दुसरं मांडलं आणि त्यावर भाजी वाढली. हे कुणाचं, असं पल्लवीनं विचारलं.

"त्या पोपाच्या पोरीचं. तिला सुमंगला मिळालीच न्हाई, बाय."