रोसांदाच्या बरण्या

आमच्या जिन्यावरच्या रोसांदाला शिकण्याचा भारी सोस. कापडगिरणी बंद पडली तेव्हा बाकीच्या बायका गुडघे चोळत बसल्या, ही लॅपटॉप घेऊन बसली. कॉम्प्युटरवर कपड्यांचे नमुने आखणं, लोकर रंगवणं, इटालियन भाषा, सगळं एकदम. अर्धवट धडे, विसरलेले पासवर्ड आणि एकावर एक उघडी पानं. लॅपटॉप बिचारा धापा टाकायचा.

"बंद कर की एखादं," मी म्हणायचो.

"मग परत सापडायचं नाही. तू आपली बस चालव, वितोमिर."

मी निवृत्त झालोय हे तिला चांगलं ठाऊक होतं.

मग वाचनालयाच्या वेरित्साबाईंनी तिला संध्याकाळचा शिवणवर्ग देऊ केला. अट एकच, काय काय शिकलात ते एका जागी नीट मांडून शुक्रवारी दाखवा. रोसांदाला तो वर्ग मनापासून हवा होता. गिरणी सुटल्यापासून तिला कुणी 'बाई, हे कसं करायचं?' असं विचारलंच नव्हतं.

पण त्या पसाऱ्यातून मांडणार काय, कपाळ? ती रडकुंडीला आली. शेवटी मीच म्हणालो, "तळघरात ऐवार चटणीच्या बरण्या लावतेस ना? तसंच लाव."

झालं, बाई पेटली. लॅपटॉपमध्ये फळ्या केल्या. प्रत्येक धड्यावर चिठ्ठी लावली, कशाचा, कधीचा, कुणाकडून. अर्धवट राहिलेले पुढच्या फळीवर. इथवर सगळं छान. पण आमच्याकडे ऐवारसाठी नव्या लाल मिरच्या भाजायच्या आधी जुन्या बरण्या शेजारीपाजारी वाटून टाकतात. रोसांदानं पुरे झालेले धडे अख्ख्या जिन्याला पाठवले आणि फळी स्वच्छ दिसावी म्हणून स्वतःकडचे पुसून टाकले.

गुरुवारी दुपारी ती माझ्या दारात उभी, चेहरा पांढराफटक. "माझ्याकडे फक्त न शिकलेलंच उरलंय रे."

मला हसू आलं होतं, पण तिच्याकडे बघून गिळलं. मग जिना उतरत एकेक दार ठोठावलं. "रोसांदाच्या बरण्या परत करा."

आता, बरणी रिकामी परत करायला आमच्याकडे कुणी धजत नाही. झागोर्कानं धड्यासोबत स्वतः आखलेल्या फ्रॉकचा फोटो पाठवला. रादिसावनं लोकर रंगवताना जाळलेल्या पातेल्याचा फोटो पाठवला, खाली काय चुकलं तेही लिहून. मी पँटची दुमड शिवली होती, एक पाय आखूड झाला होता. लाज गुंडाळून ठेवून मीही फोटो पाठवला.

शुक्रवारी मी तिच्यासोबत गेलो. वेरित्साबाईंनी सगळं शांतपणे पाहिलं. "हे धडे तुम्ही शिकलात. आणि हे फोटो कुणाचे?"

"शेजाऱ्यांचे. त्यांनीही शिकून पाहिलं."

बाईंनी वर्गाच्या खोलीची किल्ली तिच्या हातात ठेवली. "त्या आखूड पँटवाल्याला पहिल्या बाकावर बसवा."

सोमवारी मी बसलो. कुणी काही विचारेना, आणि रोसांदा तीच कात्री टेबलावर पुन्हा पुन्हा सरळ करून ठेवत होती. मी हात वर केला. "बाई, दोरा कसा ओवायचा?"

तो मला चांगला येतो.