पत्र्यावरचं 'प्रो.'

आमच्या वडवणीचे प्रोफेसर सातवी नापास होते. दुकानाच्या पत्र्यावर पेंटरनं त्यांच्या नावाआधी 'प्रो.' लिहिलं, म्हणजे प्रोप्रायटर, मालक. बाजारच्या दिवशी कुणीतरी ते मोठ्यानं वाचलं आणि गावानं त्यांना प्रोफेसर करून टाकलं. त्यांना ते आवडलं असणार. नाहीतर दर वेळी पेंटरला बजावलं नसतं, "वरचं बदल. 'प्रो.'ला हात लावू नको."

वरचं दोनदा बदललं. आधी सायकल दुरुस्ती होती. गावात मोटारसायकली झाल्या. मग शेवचिवडा, तर कंपनीच्या पुड्या किराणा दुकानांत लटकल्या. शेवटी विहिरीवरच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं काम. उन्हानं रंग उडाला की जुनी अक्षरं वर यायची आणि एखादं गिऱ्हाईक तिथं शेव मागायचं. प्रोफेसर मान वर न करता सांगायचे, "संपली."

आमच्या घरात कॉलेज पुरं केलेला मी पहिला, हे मी सांगणारच. एम.कॉम.च्या प्रकल्पासाठी दुकानदारांकडून फॉर्म भरून घेत होतो. प्रश्न परदेशातून आलेले. धंद्यात का आलात: संधी दिसली म्हणून, की दुसरा इलाज नव्हता म्हणून? सर म्हणायचे, श्रीमंत देशांत लोक पहिल्यावर खूण करतात, आपल्याकडे दुसऱ्यावर. प्रोफेसरांनी पहिल्यावर केली, कागद फाटेल इतकी दाबून. मला हसू आलं.

"कामून हसतो रं? पोटाला मजुरीबी मिळती. मला संधी दिसली."

पुढच्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या. मोटार चालली तर जळणार, जळली तर प्रोफेसरांकडे येणार. चालतच नव्हती. ते एकटेच बसून तांब्याची तार गुंडाळायचे, उलगडायचे, परत गुंडाळायचे.

पुण्याला वॉचमन म्हणून निघाले, त्या सकाळी स्टँडवर गाठ पडली. एसटीत चढता चढता म्हणाले, "तो फॉर्म हाय का तुझ्याकडं? माझी खूण खालच्यावर कर."

जमा केला, असं मी सांगितलं. फॉर्म घरी कपाटात होता. अजून आहे. ती खूण खोडायला माझा हात झाला नाही.

दिवाळीत त्यांना फोन लावला. म्हटलं, प्रोफेसर आहेत का?

"इथं त्या नावाचं कुणी न्हाई," पलीकडून उत्तर आलं. आवाज त्यांचाच होता.