आठ गाळलेली संख्या

झटक्यानंतर बाबांची उजवी बाजू गेली आणि तोंडात एवढंच उरलं: "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, नऊ." जन्मभर गावच्या शाळेत गणित शिकवलेला माणूस, आणि आठ गाळतो! मालवणचे डॉक्टर म्हणाले होते, वाचा येईल हळूहळू, पण समज शाबूत आहे का बघत राहा. ते बघायचं काम माझ्याकडे आलं आणि माझ्या जिवाला घोर लागला.

मी मुळातच उतावळी. एका जागी बसवेना. ओसरीवरून विहिरीपर्यंत जायचं, परत यायचं, कान मात्र त्यांच्याकडे. सात आला की श्वास धरायचा. नऊ! "बाबांनू, आठ! साताच्या फुडे आठ!" ते चिडून मान हलवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. आई पेज भरवता भरवता पुटपुटायची, "ह्यांचो आठ खंय गेलो गो?" शेजारची काकी तर बोललीच, "मास्तरांका आता काय कळना नाय." तिला चहासुद्धा न विचारता वाटेला लावली मी. खरं तर मलाही तेच वाटत होतं, म्हणून तर एवढा राग आला.

परवा दुपारी पुन्हा "सात, नऊ" झालं आणि मी ओरडलेच, "पुरे करा!" तर त्यांनी डावा हात वर केला. पाच बोटं दाखवली. मग दोन.

सात. माझा लहानपणचा आवडता आकडा.

अगो बाई! शाळेत नव्या पोराला ते हेच विचारायचे, आवडता आकडा कोणता? त्याची नऊ पट करायची आणि त्या पटीने फळ्यावरच्या १२३४५६७९ ला गुणायचं. उत्तरात तुमचाच आकडा, ओळीने नऊ वेळा. त्या संख्येत आठ नाहीच. आठ घातला की सगळी गंमत गेली. आणि मी महिनाभर त्यांना आठ शिकवत होते!

कॅलेंडरचं पान उलटं करून बसले. सात नवे त्रेसष्ट. तीनची ओळ, साठची ओळ, बेरीज. उत्तर आलं ७७७६७७७७७.

मध्येच सहा! म्हणजे सगळे माझ्याच मनाचे खेळ?

बाबांनी पान ओढून घेतलं. बोट त्या सहावर टेकलं, मग सरळ वर, तीनच्या ओळीतल्या नवावर गेलं. तीन त्रिक नऊ लिहून मोकळी झाले होते मी, मागचा एक मिळवलाच नव्हता. शाळेतही दर पेपरात माझे मार्क असेच जायचे.

"हातचो," ते म्हणाले. महिन्याभरात आकड्यांपलीकडचा पहिला शब्द. "हातचो खंय गो?"

"इसारलंय, बाबांनू," म्हटलं आणि मला रडूच फुटलं. त्यांनी माझ्या हातात खोडरबर कोंबला.