दोन साडू आणि एक इंजिन

माझा नवरा च्येन-फू तापट आहे, हे दक्षिण तैवानात, पिंगतुंगच्या आमच्या धावपट्टीवर कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. नदीच्या कोरड्या पात्राशेजारी गवताची पट्टी, पत्र्याची शेड, शेडमध्ये दोन माणसं बसतील अशी हलकी विमानं, आणि त्या सगळ्यांच्या इंजिनांना मिस्त्री हा एकटा. पूर्वी भाताच्या मळणीयंत्रांची इंजिनं दुरुस्त करायचा, तेव्हाही असाच ओरडायचा. शेडच्या टोकाला माझी जेवणाची टपरी आहे. त्यामुळे त्याचं ओरडणं मी आधी तिथे ऐकते आणि मग जेवताना घरी, उजळणी म्हणून.

पण त्या वर्षी लिआओ आणि सू यांच्या विमानाने त्याला जेवढं छळलं, तेवढं आमच्या दोन्ही मुलींनी मिळूनही कधी छळलं नाही.

लिआओ आणि सू हे साडू. थोरला लिआओ सुपारीच्या बागांचा मालक, बोलणं कमी आणि ताठा भरपूर. धाकट्या सूचं गावात मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. त्याच्या तोंडाला झाकण नाही. दोघांनी मिळून एक विमान घेतलं, बायकांनी हो म्हटलं म्हणून. थोरला शनिवारी उडवायचा, धाकटा रविवारी. एकमेकांशी बोलायचे ते फक्त सासऱ्याच्या श्राद्धाला.

विमान जमिनीवर हळू चालवलं की इंजिन थरथरायचं. त्याला दोन कार्बोरेटर, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोघांची ओढ सारखी नसेल तर इंजिन लंगड्या बैलासारखं चालतं आणि पुढच्या गिअरबॉक्सचे दात झिजतात. च्येन-फू हवेची ओढ मोजायची दोन घड्याळं जोडून दोन्ही बाजूंचे काटे जुळवायचा. इंजिन मांजरासारखं गुरगुरायचं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच थरथर.

त्याने प्लग बदलले, मग दोन्ही केबली. मग म्हणाला, कार्बोरेटरखालचे रबर फाटलेत, हवा ओढतायत. नवे रबर टाकले. तरीही थरथर आलीच, तेव्हा रबर विकणाऱ्या दुकानदाराला फोन करून चार लोकांदेखत चोर म्हणाला.

"अहो, तुमचे रबर चांगलेच असतील तर?" मी म्हटलं.

"तू भात वाढ."

लिआओने इंजिनावर हिरव्या पाकिटातला मक्याचा खाऊ आणून ठेवला. यंत्र शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडे ठेवतात तसा. च्येन-फूने पाकिटाकडे पाहिलं, लिआओकडे पाहिलं, आणि पाना आपटून माझ्या टपरीवर येऊन बसला. "आता देवाच्या हवाली केलंय," म्हणाला. "मला कशाला बोलावतात?"

एका शनिवारी लिआओ उतरत होता. पट्टी अजून पुढे होती तोच इंजिन बंद पडलं. आवाज एकदम थांबला तशी मी झारा हातात घेऊनच बाहेर धावले. विमान पट्टीच्या कुंपणापर्यंत न पोचता अननसाच्या शेतात टेकलं आणि दोन उड्या मारून नाकावर बसलं. लिआओ आपल्या पायांनी बाहेर आला. पॅंटला सगळीकडे काटे. तो बाहेर येण्याआधीच च्येन-फू विमानापाशी पोचला होता, पण त्याने इंजिनाकडे पाहिलंच नाही. लिआओचे दोन्ही खांदे धरून विचारलं, "कुठे लागलंय का? मान हलव बघू." मान हलली. मग मात्र त्याने तोंड सोडलं ते अर्धा गाव ऐकत होता.

ट्रॅक्टरने विमान ओढून शेडमध्ये आणलं. सूही येऊन पोचला होता. च्येन-फूने बॉनेट काढलं. कार्बोरेटरवर स्लो, म्हणजे हात सोडल्यावर इंजिन ज्या वेगाने चालत राहतं तो, कमी-जास्त करायचा एक स्क्रू असतो. त्याची खाच ताज्या ओरखड्यांनी चकाकत होती. दोन्ही बाजूंना.

"कोणी हात लावला?"

सूच आधी बोलला, त्याला गप्प राहणं जमतच नाही. "उस्ताद, मी फक्त उजवा. तोही थोडासाच वाढवला. दर रविवारी इंजिन जमिनीवर विझायचं, मग काय करू?"

"विझणारच!" लिआओ उसळला. "मी डावा कमी करायचो! स्लो एवढा वाढवून ठेवला तर विमान खाली बसतं का? तरंगत राहतं नुसतं!"

"म्हणजे मी वाढवायचो ते दादा तुम्ही कमी करायचात?"

"तू वाढवायचास म्हणून!"

च्येन-फू दोघांच्या मध्ये उभा. एकाने डावा उतरवायचा, दुसऱ्याने उजवा चढवायचा, आणि पायलटसमोरचा काटा इंजिनाच्या फेऱ्यांचा एकूण आकडा बरोबर दाखवायचा. त्या शनिवारी मात्र लिआओने जरा जास्तच उतरवला होता. च्येन-फूच्या कपाळावरची शीर मला टपरीवरून दिसत होती.

"रबरवाल्याला मी चोर म्हणालो," तो हळू आवाजात म्हणाला. तो हळू बोलतो तेव्हा मला जास्त भीती वाटते. "तुम्हा दोघांमुळे. चालते व्हा."

महिनाभर त्याने त्या विमानाला हात लावला नाही. मग दोघांच्या बायका, त्या दोघी बहिणी, बांबूच्या कोंबांचं सूप घेऊन आमच्या दारात आल्या. थोरली म्हणाली, "भाऊजी, नवरे आमचे, शिव्या आम्हाला द्या. पण विमान दुरुस्त करा. हे दोघं आता घरात बसून आमचं डोकं खातात."

सूप चांगलं होतं. च्येन-फूने विमानाच्या नाकाखालचं चाक बदललं, स्क्रू जागेवर आणले आणि एक अट घातली. थोरला कसा उतरतो ते त्याला विमानात बसून बघायचं होतं. खरं तर च्येन-फूला विमानात बसणं अजिबात सोसत नाही.

ते उडाले आणि एक चक्कर मारून उतरले. म्हणजे उतरायचा प्रयत्न केला. विमान पट्टीवर तरंगत, तरंगत अगदी टोकाच्या बांबूंपर्यंत गेलं. च्येन-फू खाली उतरला तेव्हा चेहरा पांढराफटक. बांबूंना धरून ओकला. तोंड पुसून म्हणाला, "लिआओ, स्लोचा काही संबंध नाही. तू येतोसच वाऱ्यासारखा. एवढ्या वेगात कुठलं विमान बसेल? पुन्हा शिकायला जा."

"या वयात? त्या पोरीकडे?" आमच्या पट्टीवर विमान शिकवणारी शिक्षिका लिआओच्या मुलीपेक्षा लहान आहे.

"त्याच पोरीकडे. नाहीतर सुपारीच्या झाडावरून उडी मार, माझ्या इंजिनाला त्रास नको."

लिआओ खूप दिवस आमच्याकडे फिरकला नाही. मग एका सकाळी शिक्षिकेबरोबर येऊन मुकाट्याने डाव्या खुर्चीत बसला. तिला मधेमधे "हो बाई, हो बाई" म्हणताना मी स्वतः ऐकलं. च्येन-फू रबरवाल्याच्या दुकानात आंब्याची पेटी घेऊन गेला. काय बोलणं झालं ते त्याने सांगितलं नाही, पण येताना रबरांची आणखी एक जोडी घेऊन आला. गरज नसताना.

थंडी सुरू झाली तेव्हा लिआओ पट्टीच्या सुरुवातीलाच अलगद टेकला. शेजारी सू बसला होता. बॉनेट काढायची वेळ आली नाही. पण दोघं खाली उतरले ते भांडतच. रेडिओवर कोण आधी बोललं यावरून. च्येन-फूने दुसऱ्या इंजिनातून डोकं बाहेर काढलं.

"तिकडे लांब जाऊन भांडा!" तो ओरडला. "इथे एका शहाण्याने इंजिनाच्या पाण्याच्या टाकीत तेल ओतलंय!"